हिशेब मागणारं भूत

भुताचा सिनेमा बघणं हे आपल्याकडे अजून थोडं चोरून करायचं काम आहे. इराणी कुटुंबाच्या सुखदुःखाचा चित्रपट पाहिला की माणूस चारचौघांत सांगतो. त्याच कुटुंबाच्या घरात जिन शिरला की आवाज खाली येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत तेहरानपासून ग्वाटेमालापर्यंत, छोट्या पैशात आणि मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, भयपटांचं भरघोस पीक आलं आहे. त्यात वेळ घालवावा का, असं मला अधूनमधून विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘नको’ हेच ऐकायचं असतं.

भयाला असं दाराबाहेर बसवण्याची रीत आपल्या जुन्या विचारवंतांची नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठांपैकी एक रस आहे, शृंगाराच्या आणि वीराच्या पंगतीत बसलेला. हे खरं, की भय ही स्त्रियांची आणि हीन माणसांची वृत्ती असं भरतच म्हणून गेला. थोरांना भय वाटत नाही, ते फार तर गुरूपुढे किंवा राजापुढे भ्याल्यासारखं करतात, ही पुस्ती त्याचा टीकाकार अभिनवगुप्त याची. हे आज गिळवत नाही. पण भरताच्याच सातव्या अध्यायात भयाच्या कारणांची जी यादी आहे ती मला कायम चकित करते. ओसाड घर, रान, काळोखी रात्र, घुबडाचं ओरडणं, साप, हत्ती हे सगळं तिच्यात आहे. कुठल्याही दिग्दर्शकाने जसंच्या तसं उचलावं असं सामान आहे. मात्र यादीच्या तोंडाशीच आहे तो गुरूचा किंवा राजाचा झालेला अपराध. सत्ता आधी, घुबड मागून. भुताखेतांच्या धंद्यातलं मर्म दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या सहज सांगून झालेलं आहे, आणि आजचे चांगले भयपट नकळत तिथेच परत येतात.

बाबक अन्वरीचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) घ्या. ऐंशीच्या दशकातलं तेहरान, इराण-इराक युद्ध, शहरावर पडणारी क्षेपणास्त्रं. शीदे नावाच्या बाईला तिच्या जुन्या डाव्या राजकारणापायी वैद्यकीय महाविद्यालयाने परत घ्यायला नकार दिला आहे. डॉक्टर नवरा आघाडीवर गेलेला, घरात ती आणि लहानगी दोर्सा. व्हिडिओवर जेन फोंडाची कसरतीची टेप लावून ती व्यायाम करते आणि व्हीसीआर लपवून ठेवते, कारण तो सापडला तर गुन्हा. मग घरात वाऱ्याबरोबर काहीतरी येतं. एका रात्री ती मुलीला उचलून रस्त्यावर धाव घेते, आणि तिला पकडलं जातं ते डोक्यावर काही नव्हतं म्हणून. त्या क्षणी प्रेक्षकाला कळेनासं होतं की घरातला जिन जास्त भयंकर की रस्त्यावरची शिस्त. ज्यांना भरताने भित्रं ठरवलं त्यांच्यातलीच एक इथे साक्षीदार झाली आहे, आणि तिची साक्ष ऐकली की थोरांचं धैर्य हे बरंचसं सोयीचं होतं असं वाटू लागतं.

हायरो बुस्तामान्तेचा ‘ला ल्योरोना’ (२०१९) याहून थंड आणि म्हणून याहून कठोर. पोटच्या पोरांसाठी रडत फिरणारी बाई ही लॅटिन अमेरिकेतली जुनी दंतकथा. बुस्तामान्ते तिला एका म्हाताऱ्या सेनापतीच्या बंगल्यात मोलकरीण म्हणून आणतो. या सेनापतीने माया लोकांची कत्तल करवली, त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि रद्दही झाली. हे पडद्याबाहेर घडलेलं आहे: एफ्राइन रिओस माँट या माजी हुकूमशहाला १० मे २०१३ रोजी वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं आणि दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल उलटवला. बंगल्याबाहेर माणसं घोषणा देत उभी आहेत, आत नळाचं पाणी वाहतं आहे. कचकन दचकवणारं फारसं काही घडत नाही. कोर्टाने सोडलेला माणूस भुताने धरला, एवढीच गोष्ट.

भूत म्हणजे न मिटलेला हिशेब, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अलवंतीण, मागे क्रियाकर्म करणारं कुणी नाही तो समंध. प्रत्येक नावामागे कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं आहे. कोकणातल्या अशा समजुतींची टिपणं शाळामास्तरांकडून गोळा करवली ती नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने, आर. ई. एन्थोव्हनने ती १९१५ मध्ये छापली. तोवर जॅक्सन जाऊन सहा वर्षं होत आली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी, त्याच्याच सन्मानार्थ लावलेल्या ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरेंनी त्याला नाट्यगृहात गोळ्या घातल्या. भुतांची यादी करणाऱ्या साहेबाचा असा शेवट कुणी पटकथेत लिहिला असता तर तो अतिरंजित म्हणून कापला गेला असता.

मी खडकीत राहतो. छावणीचं गाव. बाँबे सॅपर्सचं केंद्र इथे आहे आणि १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना इथे आहे. म्हणजे भीतीचा खरा साठा भिंतीपलीकडे मोजून, कुलपात ठेवलेला. इथल्या युद्धस्मारक दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. यातल्या पुष्कळशा मुळात इथल्या नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे त्यांची कायमची निगा राखण्याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. कोरियन दिग्दर्शक जांग जे-ह्युनचा ‘एक्सहुमा’ (२०२४) हा कबर हलवण्यावरचाच चित्रपट आहे. अमेरिकेत राहणाऱ्या श्रीमंत कोरियन कुटुंबाच्या पूर्वजाची कबर उकरली जाते, पूर्वज जपान्यांचा हस्तक निघतो आणि त्याच्या पेटीखाली आणखी एक पेटी सापडते. कोरियात तो एक कोटीहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. पण तो पाहून खडकीच्या दफनभूमीकडे गेलं तर काही होत नाही. हिरवळ कापलेली, रांगा आखलेल्या, प्रत्येक दगडावर मजकूर. ज्यांचं सगळं रीतसर झालं त्यांना परत यायचं कारण उरत नाही.

आता दुसरी बाजू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच परिसरात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजा आणि इंग्रज यांची लढाई झाली. बापू गोखले पुढे होते, जरीपटक्याजवळ मोर दीक्षित पडले, पेशवे पर्वतीवरून बघत होते. इंग्रजी नोंदींत त्यांच्याकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, पेशव्यांकडचे सुमारे पाचशे. त्या पाचशेंची नावं कुठल्या दगडावर आहेत? तरीही त्यांच्यातल्या कुणाचं भूत गाजलेलं नाही. लोकांच्या तोंडी आहे ते इथल्या होळकर पुलाजवळचं काहीतरी. कुणाचं, कधीचं, काय हवंय, असं विचारलं की सांगणारा गप्प. शनिवारवाड्याच्या नारायणरावाला नाव आहे, वय आहे, तारीख आहे (३० ऑगस्ट १७७३), कुणाला हाक मारायची तेही ठरलेलं आहे. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि राघोबा मोकळा राहिला. म्हणून त्या हाकेला अडीचशे वर्षं मरण नाही. होळकर पुलाचं भूत त्यामानाने बेपत्ता आहे, आणि म्हणून कंटाळवाणं.

त्याला नाव द्यायचं कुणी मनावर घेतलं तर मात्र इतिहासात माणूस तयार आहे. १८०१ मध्ये बाजीरावाच्या हुकमाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. राजाचा अपराध आणि हत्ती, भरताच्या यादीतली दोन्ही कलमं एका जागी. भाऊ यशवंतराव सूड घ्यायला आला, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्याने पेशवे-शिंद्यांचा पाडाव केला, बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तिथून पंधरा वर्षांत खडकी. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. एका माणसाचं मरण सबंध राज्यावर फिरलं, असं म्हणायला इतिहासकार कचरेल. त्याला इतर दहा कारणं मांडायची असतात. भयपटाला तसा संकोच नाही. त्याचा कार्यकारणभाव सूडाचा असतो, आणि पुष्कळदा इतिहासाच्या आत खोलवर कुठेतरी तोही चालू असतो.

मराठी मातीने असा एक चित्रपट दिलेला आहे, भाषा हिंदी असली तरी. राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ (२०१८). नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, म्हातारीचा धागा नारायण धारपांच्या ‘आजी’तून, आणि धारपांची ‘आजी’ स्टीफन किंगच्या कथेतून आलेली. परदेशी भय आणि आपलं भय अशी वाटणी करणाऱ्यांनी हा वंशवृक्ष जरूर पाहावा. व्हेनिसला समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली, आपल्याकडे तो बेताचा चालला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सासवडच्या पुरंदरे वाड्यात त्याचं चित्रीकरण झालं आहे. ओसाड घर कुठून आणायचं हा प्रश्न पुणे जिल्ह्याला कधी पडायला नको. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ची (२०१७) भीतीही अशीच जमिनीतून येते. उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई आणि न जन्मलेल्या मुली. त्याचाच हिंदी ‘छोरी’ पुढे फुरियानेच केला. मला मराठीच जास्त झोंबला, कारण त्यातल्या प्रेमळ बायकांची बोली मला ओळखीची आहे.

या पिकात तण फार आहे, हेही सांगितलं पाहिजे. स्वतंत्र निर्मिती हा काही गुण नव्हे. ‘टेरिफायर ३’ (२०२४) सुमारे वीस लाख डॉलरमध्ये झाला आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात माणसं चिरण्यापलीकडे काही नाही. भयानक हा बीभत्सातून जन्मतो असं भरत म्हणतो. या चित्रपटात बीभत्साचं गर्भारपण सरतच नाही. दुसरं टोक म्हणजे शोकाचे भयपट. जेनिफर केंटच्या ‘द बाबाडूक’मध्ये (२०१४) विधवा आईचा दबलेला राग राक्षस होऊन आला तेव्हा ते धाडस होतं. अ‍ॅरी अ‍ॅस्टरच्या ‘हेरेडिटरी’नेही (२०१८) घरातल्या मृत्यूचं ओझं खरंखुरं जाणवून दिलं. त्यानंतर मात्र साचा पडला: कुटुंबात मेलेलं मूल, संथ कॅमेरा, राखाडी उजेड, शेवटी कळतं की भूत म्हणजे दुःख. असं उत्तर आधीच ठाऊक असेल तर भिण्यात काय अर्थ? काइल एडवर्ड बॉलचा ‘स्किनामरिंक’ (२०२२) पंधरा हजार डॉलरमध्ये, आईवडिलांच्याच घरात केलेला. मध्यरात्री जाग आलेल्या मुलाला भिंती जशा दिसतात तशा त्यात दिसतात. पहिला अर्धा तास अपूर्व. उरलेल्या तासाभरात भिंतीच दिसत राहतात.

पुण्यात हा विषय काढला की एक रास्त आक्षेप येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरातल्या पुलावर खून झाला; जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. अशा ठिकाणी भुताच्या सिनेमांची भलामण कशाला? माझं उत्तर अभिनवगुप्ताकडून घेतलेलं आहे. भयानक रसासाठी तो ‘शाकुंतला’तलं हरिण निवडतो, मान वळवून मागे येणाऱ्या रथाकडे बघत पळणारं. ते भय त्या हरणाचं राहत नाही, बघणाऱ्याचंही होत नाही. कुणाचंच नसलेलं भय आस्वादता येतं. रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांत तो पहिलं सांगतो ते असंभवाचं, म्हणजे हे घडूच शकत नाही असं वाटणं; दुसरं, हे माझ्यावरच बेतलंय म्हणून त्यात अडकून पडणं. भूत खरंच मानणारा माणूस दुसऱ्या विघ्नात सापडतो. त्याला सिनेमात नुसती धडकी भरते, रस मिळत नाही. ज्याचा भुतावर विश्वास नाही आणि तरीही ज्याला अंधारात बसून तीस फूट उंच पडद्यावर विश्वास टाकता येतो, तोच भयपटाचा अधिकारी प्रेक्षक. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याने हे चित्रपट पाहायला हरकत नाही. भगताकडे जाणाऱ्याने मात्र जपून.

तेव्हा वेळ घालवावा का? दहांतल्या दोनांवर जरूर. कुठले दोन हे ओळखायला सुरुवातीची वीस मिनिटं पुरतात. भूत कुणाचं आहे आणि त्याचं काय राहून गेलं आहे, याचा माग तेवढ्यात लागला नाही तर बंद करावा. ‘अंडर द शॅडो’ने सुरुवात करा, मग ‘ला ल्योरोना’, आणि दक्षिण सुदानच्या निर्वासित जोडप्याला इंग्लंडात मिळालेल्या सरकारी घरावरचा रेमी वीक्सचा ‘हिज हाऊस’ (२०२०). घरी पाहणार असाल तर एक विनंती: हिंदीत डब केलेली आवृत्ती लावू नका. सहाव्या अध्यायातही भरत भयाची कारणं देतो आणि तिथे पहिला येतो विकृत आवाज. डबिंगमध्ये सर्वांत आधी जातो तोच.