एक लाख सत्तर हजारांची फोड

ऑगस्ट 2023 मध्ये खोकी पोचवणाऱ्या यूपीएस या अमेरिकी कंपनीच्या प्रमुख कॅरोल टोमे यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं, की नव्या पाच वर्षांच्या कराराच्या अखेरीस पूर्णवेळ ड्रायव्हरला सरासरी 1,70,000 डॉलर मिळतील, पगार आणि इतर लाभ मिळून. बातमीच्या मथळ्यांत हे शेवटचे शब्द गळाले आणि आकडा तेवढा उरला. त्या वर्षी न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या घरी गणपतीच्या जेवणाला तोच विषय होता. संगणक क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं दुखावल्यासारखी बोलत होती. खोकी पोचवणाऱ्याला एवढे, मग आम्ही शिकलो कशाला?

मी लोकांची करविवरणपत्रं भरून देते. त्यांत ड्रायव्हरही असतात. त्यांच्या पगाराचे कागद हाताखालून गेलेले असल्यामुळे हा आकडा मला सरळ पगार म्हणून वाचताच येत नाही. करार संपताना, म्हणजे 2028 मध्ये, वरच्या पायरीवरच्या ड्रायव्हरचा दर सरासरी ताशी 49 डॉलर असेल. आठवड्याचे चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर 1,01,920 डॉलर होतात. त्यातून केंद्राचा आणि राज्याचा कर, सोशल सिक्युरिटी आणि दरमहा अडीच तासांच्या मजुरीइतकी युनियनची वर्गणी वजा होते. वरची भर घालतो ओव्हरटाइम. दिवसाचे आठ तास उलटले की दीडपट दर लागतो, आणि नाताळच्या हंगामात आठ तासांत गाडी रिकामी होत नाही. या दराला ड्रायव्हर पहिल्या दिवशी पोचतही नाही. सुरुवात ताशी 23 डॉलरने होते आणि वरची पायरी गाठायला चार वर्षं लागतात. त्याआधी अनेकांनी गोदामात अर्धवेळ माल चढवत आपली पाळी येण्याची वाट पाहिलेली असते.

उरलेली रक्कम ड्रायव्हरच्या हातात पडतच नाही. ती आरोग्य विम्याच्या आणि पेन्शनच्या निधीत जाते. करार होण्याआधीही पूर्णवेळ ड्रायव्हरला सरासरी 95,000 डॉलर पगार आणि वर सुमारे 50,000 डॉलरचे लाभ मिळतात, असं कंपनीच सांगत होती. त्या पन्नास हजारांचं मोल अमेरिकेत कुटुंबाच्या विम्याचा हप्ता स्वतः भरणाऱ्यालाच कळेल. माझ्याकडे येणारे छोटे दुकानदार, कंत्राटावर काम करणारे तरुण अभियंते वर्षाच्या शेवटी तोच एक खर्च पुन्हा पुन्हा तपासतात. आणि ठरलेली रक्कम देणारं पेन्शन तर खाजगी नोकरीत आता क्वचितच दिसतं. तेव्हा जेवणाच्या पंगतीतला तो राग मला चुकीच्या दिशेचा वाटला. ड्रायव्हरला जास्त मिळालं हा प्रश्न नाही. बाकीच्यांच्या हातून जे निसटलं ते त्याने आपल्या हातात ठेवलं.

पगाराचा हा न दिसणारा भाग मला लहानपणीच माहीत झाला. वडील मुंबईत मशीद बंदरला एका पेढीत हिशेबनीस होते. हमालांच्या मजुरीशेजारी ते लेव्हीची रक्कम मांडत. 1969 च्या माथाडी कायद्याने मालकाला मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम माथाडी मंडळात भरावी लागते, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधपाणी भागतं. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी माणसं उभी केली नसती तर पाठीवर पोतं घेणाऱ्याच्या म्हातारपणाचा रकाना त्या वहीत आलाच नसता. मुंबईत आणि अमेरिकेत, दोन्ही ठिकाणी तो रकाना संघटनेमुळे आला. मालकाने तो आपणहून आखला नव्हता.

टीमस्टर्स या ड्रायव्हरांच्या युनियननेही 2023 च्या कराराआधी संपाची तयारी केली होती. सुमारे 3,40,000 कामगार या कराराच्या कक्षेत येतात. 31 जुलैला जुना करार संपणार होता, 25 जुलैला तडजोड झाली आणि ऑगस्टमध्ये 86.3 टक्के मतांनी ती मंजूर झाली. कंपनीला 1997 चा संप आठवत असणारच. तेव्हा पंधरा दिवस गाड्या थांबल्या होत्या.

पैशाच्या रकान्यात न बसणाऱ्या गोष्टी मला या करारात जास्त महत्त्वाच्या वाटतात. 2018 च्या कराराने ड्रायव्हरांचा एक कमी दराचा दुसरा वर्ग तयार केला होता; बहुसंख्य मतं विरोधात पडूनही, मतदान निम्म्याहून कमी झालं म्हणून तो करार लागू झाला. 2023 मध्ये हा वर्ग गेला. सुट्टीच्या दिवशी सक्तीने कामावर बोलावणं बंद झालं. 1 जानेवारी 2024 नंतर घेतलेल्या नव्या गाड्यांत वातानुकूलन बसवायचं ठरलं. जुलैच्या उन्हात तापलेल्या तपकिरी गाडीच्या मागच्या कप्प्यात शिरून खोकी शोधणाऱ्याला हे मिळायला 2024 उजाडावं लागलं, याची मला खंत वाटते.

पण मथळ्यातल्या आकड्याने सर्वांत जास्त अन्याय केला तो अर्धवेळ कामगारांवर. कराराखालचे निम्म्याहून अधिक लोक तेच. त्यांचा किमान दर लगेच ताशी 21 डॉलर झाला, करारावेळी आधीच कामावर असलेल्यांचा तो शेवटी किमान 25.75 होईल. मात्र हमी आहे दिवसाला साडेतीन तासांची. शेवटचा दर धरला तरी आठवड्याच्या साडेसतरा तासांचे वर्षाला सुमारे 23,400 डॉलर होतात. न्यू जर्सीत एवढ्यात घरभाडंही भागत नाही. तरी माणसं मध्यरात्रीनंतरच्या पाळीला जातात, दुसरी नोकरी करतात, आणि ही सोडत नाहीत. कारण अर्धवेळ असूनही आरोग्य विमा मिळतो. कुणी मला विचारलं की ही नोकरी सोडू का, तर मी आधी घरात आजारी कोण आहे ते विचारते.

दर वाढला तरी काम टिकलं पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये कंपनीने सुमारे 12,000 पदं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांत बहुतेक व्यवस्थापनातली होती. एप्रिल 2025 मध्ये आणखी 20,000 पदं आणि 73 इमारती बंद करायचं ठरलं. ॲमेझॉनचा माल निम्म्याहून कमी करण्याचा निर्णय त्यामागे होता. याचं खापर ड्रायव्हरांच्या दरावर फोडणारे भेटतात. कमी नफ्याचा माल नाकारायचा, ही कंपनीची निवड होती. इमारत बंद झाली की आत माल चढवणाऱ्याचे साडेतीन तासही जातात, आणि त्यांच्याबरोबर विमा.

31 जुलै 2028 ला हा करार संपेल. तेव्हा वाटाघाटीत ड्रायव्हरचा दर किती वाढला याच्या आधी त्या साडेतीन तासांचे पाच तरी झाले का, हे मी पाहीन.