कादंबरीतले शब्द आणि घरातले

इंग्रजी सुधारायची म्हणून कादंबरी वाचायची आणि अडलेला शब्द वहीत उतरवून घ्यायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी त्यासाठी आर. के. नारायण हाती यायचे. आता अकरावी-बारावीच्या मुलांच्या हातात बऱ्याचदा जे अशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ असते. भाषा सोपी, वाक्यं छोटी, गोष्ट पकडून ठेवणारी, त्यामुळे शब्द शिकायला पुस्तक सोयीचं खरं. पण ही गोष्ट आहे हॅना बेकर नावाच्या एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येची. जाण्याआधी तिने सात कॅसेटी भरून ठेवल्या आहेत, आणि कोणाच्या कोणत्या वागण्याने ती कशी खचत गेली ते त्यांत तिच्याच आवाजात आहे. पुस्तक २००७ सालचं. २०१७ साली त्यावर मालिका आली आणि ते जगभर पोचलं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मुलीची अशी शब्दांची वही मी पाहिली. दोनशे पानी, मधोमध पट्टीने ओढलेली रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, त्याखाली उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. रूमर – अफवा. रेप्युटेशन – अब्रू. गिल्ट – अपराधीपणाची भावना. आयसोलेट – एकटं पाडणे. एका शब्दापुढची जागा मात्र कोरी होती : ओव्हरव्हेल्म्ड. “काकू, याला मराठीत काय लिहू?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सगळं अंगावर येणं. जीव कासावीस होणं.” तिने मान वर केली. “हे तर आमची आज्जी म्हणते!” असं म्हणत तिने ते लिहून घेतलं.

आज्जीकडे असे शब्द ढिगाने आहेत. जिवाची घालमेल, हुरहूर, घुसमट, कोंडमारा, मन खाणं, पोटात कालवणं, कशात जीव न लागणं, जीव नकोसा होणं. यातला प्रत्येक शब्द वेगळी अवस्था सांगतो. हुरहूर लागलेल्याला सोबत लागते, मन खात असलेल्याला कबुली द्यायला कुणीतरी लागतं, आणि जीव नकोसा झालेल्याला क्षणभरही एकटं सोडायचं नसतं. आपल्या मुलांनी हे सगळे शब्द ऐकलेले आहेत, पण त्यांच्या तोंडी मात्र एकच आहे : टेन्शन. पेपरची भीती म्हणजे टेन्शन, मैत्रीण बोलत नाही म्हणजे टेन्शन, ग्रुपमधून काढून टाकलं म्हणजेही टेन्शनच. ऐकणाऱ्या आईबापांना कळायचं कसं की आजचं टेन्शन कालच्यापेक्षा निराळं आहे? “काय झालंय गं?” विचारावं तर उत्तर ठरलेलं, “काय नाय.”

त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. हॅनाच्या वर्गात कोणत्या विषयावर बोलावं हे मुलांनी चिठ्ठीवर लिहून सुचवायचं असतं. ती नाव न घालता ‘आत्महत्या’ असं सुचवते. वर्गात चर्चा होते आणि मुलांचं मत पडतं की ज्याने कोणी हे लिहिलंय त्याला लक्ष वेधून घ्यायचं असणार. चिठ्ठी लिहिणारी त्याच वर्गात बसून हे ऐकत असते. पुढे ती शाळेतल्या समुपदेशकाकडेही जाते, अर्धंमुर्धं बोलते. त्याला त्या बोलण्याचं गांभीर्य उमगत नाही आणि तो तिला जाऊ देतो. म्हणजे ती बोलली होती, एकदा लिहून, एकदा समोरासमोर. ही दोन प्रकरणं वाचताना मुलांनी वही बाजूला ठेवावी आणि घरातल्या मोठ्यांनी ती प्रकरणं मुलांकडून समजून घ्यावीत, असं मला फार वाटतं.

कारण आपल्या भागात विद्यार्थ्याची आत्महत्या म्हटलं की मनात येतात ते मार्क, नीट आणि क्लास. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल वेगळं सांगतो. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४. परीक्षेतलं अपयश हे कारण देशभरातल्या २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलं गेलं. मार्कांचा धाक खोटा नाही, तो भयंकर आहे. पण निकालाच्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून जागणारं घर एरवी निश्चिंत असतं, तिथे चुकतं. हॅनाच्या कॅसेटींत मार्कांचं दुःख नाहीच. आहेत त्या अफवा, तुटलेल्या मैत्र्या, अब्रूवर उठलेली बोटं.

अशी पुस्तकं मुलांच्या हाती द्यावीत का, ही काळजी जगाला अडीचशे वर्षांपासून आहे. १७७४ साली जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली तेव्हाही तिच्या नायकाच्या आत्महत्येचं अनुकरण होईल म्हणून काही ठिकाणी तिच्यावर बंदी घातली गेली. ‘थर्टीन रीझन्स’च्या मालिकेतलं मृत्यूचं दृश्य निर्मात्यांनी २०१९ मध्ये काढून टाकलं, आणि ते योग्यच झालं. मृत्यूचं सविस्तर वर्णन खचलेल्या मुलाला इजा करू शकतं, आणि शेवटच्या चिठ्ठीने सगळ्यांना धडा शिकवता येतो ही कल्पना तर फार घातक. मेलेल्या माणसाला तो धडा बघायला मिळत नाही. पण याची दुसरी बाजूही अभ्यासकांनी मांडली आहे. मोत्सार्टच्या एका संगीतिकेतला पापाजेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात आणि तो मागे फिरतो. संकटातून बाहेर पडलेल्यांच्या गोष्टी वाचून माणसं सावरू शकतात, त्या गुणाला म्हणूनच ‘पापाजेनो परिणाम’ असं नाव पडलं. तेव्हा पुस्तक हिसकावून घेऊ नका. ते मुलाबरोबर वाचा, आणि खचलेल्या मुलाला मात्र ते एकट्याने वाचायला देऊ नका.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. घरात कोणी असं काही बोललंच, तर पहिलं वाक्य येतं, “अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” पोर गप्प होतं ते कायमचं. “जीव द्यावासा वाटतो का रे बाळा?” असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. उलट ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे, त्याला बोलायला वाट मिळते. विचारल्यावर उपदेश करायचा नाही, इतरांच्या मुलांची उदाहरणं द्यायची नाहीत. जवळ बसून ऐकायचं, आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून दुखण्याला मिरज गाठायची आपल्याला सवय आहे. कर्नाटकातूनही लोक येतात. मनाच्या दुखण्याला तेवढ्याच तातडीने निघायला काय हरकत आहे? साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि ‘परिवर्तन’ संस्था मनाच्या आजारांवर वर्षानुवर्षं काम करत आहेत, तेही आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

शाळांनी आणि क्लासवाल्यांनीही आता अंग काढून घेण्याचं कारण नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, आणि मदतीचे फोन क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावायलाही. आपल्या पाल्याच्या क्लासमध्ये तो कागद भिंतीवर आहे का, हे फी भरायला जाल तेव्हा बघा, आणि नसेल तर मागा.

मुलांनो, तुम्हीही एक करा. ती कादंबरी संपते तेव्हा कॅसेटी ऐकून हादरलेला क्ले जेन्सन शाळेत सगळ्यांपासून तुटून राहणाऱ्या स्कायच्या मागे जातो आणि तिला नावाने हाक मारतो. तुमच्या वर्गात अशी कोणी असेल, तर आज तिला हाक मारा. आणि तुम्हालाच सगळं नकोसं झालं असेल, तर ‘काय नाय’ म्हणू नका. आज्जीला सांगा, आवडत्या सरांना सांगा, मित्राला सांगा. कोणालाच सांगवत नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.