घेऊ की सोडू?

निवृत्ती या शब्दाभोवती आपल्याकडे केवढा थाट आहे! आमचे 'हे' पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं (वेळ पाहायची गरज संपल्यावर माणसाला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही), तीन भाषणं झाली आणि पुढं दरमहा पेन्शन सुरू झालं. योगायोग असा की, त्याच वर्षी मीही निवृत्त झाले. माझ्या निवृत्तीला रजोनिवृत्ती म्हणतात. दोन बाळंतपणांच्या रजा सोडल्या तर अडतीस वर्षं एकही खाडा न करता केलेली नोकरी; पण निरोपसमारंभ नाही, भाषण नाही. सुपारीचं खांडसुद्धा कुणी हातावर ठेवलं नाही. आपल्याकडच्या बायका सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत सुटतात. मला एक्कावन्नपर्यंत मुदतवाढ मिळाली होती, हाच काय तो मान.

पेन्शन मात्र मिळालं. घामाच्या रूपानं.

आता नांदेडात राहणाऱ्या बाईला घाम येतो, यात बातमी काय आहे? मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीसला टेकतो. वजिराबादेतल्या भर बाजारात डोक्यापासून तळव्यापर्यंत आग पेटली, तेव्हा मी तो दोष सूर्याकडे ढकलला. पावसाळ्यात दमटपणाकडे ढकलला. पण पौष महिन्यात पहाटे चार वाजता घरात सगळे गोधड्यांत गुरफटलेले असताना मी एकटी पंखा पाचवर करून उभी राहिले, तेव्हा सूर्याला निर्दोष सोडणं भाग पडलं. शेजारून गोधडीतून आवाज आला, "अगं, न्यूमोनियानं मारतेस का मला?" संसारात तीस वर्षं मतभेद झाले, पण ते कधी रेग्युलेटरपर्यंत गेले नव्हते.

सहा महिने अंगावर काढलं. झोप गेली, झोपेबरोबर स्वभाव गेला. भाजीवाल्याशी मी दोन रुपयांवरून रडले. भांडले असते तर ठीक होतं; रडले! शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, छातीची तपासणी करून घेतली, माहेरी-सासरी कुणाला कॅन्सर, कुणाला रक्ताच्या गाठी, सगळी कुंडली मांडली आणि हार्मोनची गोळी लिहून दिली.

त्या गोळीनं काय केलं म्हणून सांगू! पंधरा दिवसांत मी माणसांत आले. रात्री झोपले की सकाळीच उठू लागले. पण देव एका हातानं देतो तेव्हा त्याचा दुसरा हात काय करतोय तिकडंही लक्ष ठेवावं. छाती ठणकू लागली. पोट असं फुगलं की, निऱ्यांची संख्या दोननं घटली. मधूनच डोकं धरायचं. आणि निरोप घेऊन गेलेला पाहुणा चप्पल विसरली म्हणून परत यावा, तसे अधूनमधून डाग दिसू लागले. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं. म्हणाल्या, "सुरुवातीचे काही महिने असं होतं. चालू ठेवायचं की थांबवायचं, विचार करा आणि सांगा."

विचार करा आणि सांगा! आजवर मला डॉक्टरांनी 'जीभ दाखवा', 'श्वास रोखा', 'पैसे बाहेर द्या' एवढंच सांगितलं होतं. विचार करायला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी आपल्या रीतीप्रमाणे चार जणांना विचारलं. ह्यांनी "तुला योग्य वाटेल तसं कर," असं सांगितलं, वांग्याची करू की दोडक्याची या प्रश्नाला देतात त्याच आवाजात. पुण्याची लेक फोनवर म्हणाली, "आई, लगेच बंद कर, त्यानं कॅन्सर होतो." शेजारीण म्हणाली, "सोडू नका, कातडी कशी तुकतुकीत दिसायलीय तुमची!" आणि लातूरहून सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला काय झालं नव्हतं का? सोसायचं असतं सूनबाई. बाईचा जन्म आहे."

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडले. इतर मतं शरीराबद्दल होती. हे चारित्र्याबद्दल होतं. निसर्गानं जे दिलं ते सोसणं हा गुण, आणि त्यावर गोळी शोधणं हा चोचलेपणा? पण चाळिशी लागणंही नैसर्गिकच आहे आणि ह्यांनी चष्मा लावला तेव्हा कुणी त्यांच्या नीतीवर शंका घेतली नाही. दात पडणं नैसर्गिक म्हणून सासूबाईंनी कवळी नाकारलेली नाही. उलट कवळी घालूनच त्यांनी मला सोसण्याचा उपदेश केला.

बरं, दुसरी बाजूही सोपी नाही. शेजारणीच्या तुकतुकीत कातडीचा मोह जुना आहे. अमेरिकेत 1966 साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरानं एक पुस्तक काढलं. हार्मोन घ्या आणि कायमच्या तरुण राहा, असा त्याचा मथितार्थ. पुस्तक धडाक्यानं खपलं. या गृहस्थाच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे पुढं बाहेर आलं. 1975 साली कळलं की, गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. म्हणून मग त्याच्या जोडीला दुसरं हार्मोन आलं. त्याच जोडीवर तिकडं सोळा हजारांहून अधिक बायकांची मोठी चाचणी चालू होती, ती 2002 साली अर्ध्यातच थांबवली. स्तनाचा कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर झाली आणि बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. माझ्या लेकीपर्यंत पोचलेला तो त्याच बातमीचा प्रतिध्वनी.

डॉक्टरीणबाईंनी मला तो हिशेब कागदावर मांडून दाखवला. दहा हजार बायकांत वर्षाला 30 जणींना होणारा तो कॅन्सर, गोळी घेणाऱ्या दहा हजारांत 38 जणींना झाला. म्हणजे आठ जास्त. पक्षाघातही आठ जास्त. उलट खुब्याची हाडं पाच जणींची कमी मोडली. आणि त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात करणारीला धोका कमी आणि फायदा जास्त, असं आता मानतात. 2025 च्या नोव्हेंबरात तर अमेरिकेच्या औषध खात्यानं या औषधांच्या वेष्टणावरचे मोठ्या चौकटीतले बहुतेक इशारे काढायचं जाहीर केलं. 26 टक्के आणि दहा हजारांत आठ, दोन्ही एकच. पण एक ऐकून झोप उडते आणि दुसरं ऐकून कूस बदलता येते. तरी त्या आठांत मी नाही, हे मात्र कोणताच कागद सांगत नाही.

डोक्यात हा हिशेब घेऊन मी येळवशीला लातूरला निघाले. वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, आख्खं लातूर शेतात जेवायला जातं. त्या दिवशी गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही. मी आदल्या दिवशीची एस.टी. धरली. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. घाम मात्र पूर्ण येतो.

लोह्याच्या पुढं गाडी थबकली. माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली होती. खिडकीतून नजर जाईल तिथवर घोडे, गाढवं, उंट. मला एकदम आठवलं, 1942 साली अमेरिकेत बाजारात आलेली ती पहिली नावाजलेली हार्मोनची गोळी गाभण घोड्यांच्या मुतापासून बनवत. नावातच तसं सुचवलं होतं. इंग्रजीत असल्यामुळं कुणाला घाण वाटली नाही. माझी गोळी त्यातली नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. तरी एका तपकिरी घोडीकडे मी जरा कृतज्ञतेनं पाहिलं, आणि तेवढ्यात आग पेटली. पदरानं वारा घेऊ लागले.

शेजारची बाई म्हणाली, "अक्का, गरम व्हायलंय का? मला बी आसंच व्हतंय. पिशवी काढल्यापून."

बाई बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीवाली. लोह्याला लेकीकडं येऊन परत टोळीवर निघाली होती. मी तिला माझ्या वयाची धरली होती. ती निघाली अडतीसची.

"कधी काढली पिशवी?"

"तीस बी सरलं न्हवतं. पोटात दुखायचं, पांढरं जायचं. डाक्टर म्हन्ला, ठिवली तर क्यान्सर व्हईल. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापत्यात. मग टाकली काढून."

"अंडाशयही काढलं का?"

"काय की बाई. समदंच काढलं आसंल. कागद कुनी दिला न्हाई."

"आणि त्यानंतर गोळ्या?"

"कसल्या गोळ्या?"

मी गप्प बसले. 2019 साली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. दहा हजारांत आठ नव्हे, सहांत एक! लहान वयात अंडाशय गेलं तर पाळी एका रात्रीत कायमची जाते. हाडं आणि हृदय यांच्यासाठी हार्मोनची खरी गरज अशा बाईलाच असते, निदान नैसर्गिक वय होईपर्यंत. ज्या गोळीवर मी चार महिने चर्चासत्र भरवलं होतं, तिचं नावही या बाईच्या कानावर गेलं नव्हतं.

कॅन्सर हा शब्द आम्हा दोघींनाही सांगितला गेला होता. मला तो आकड्यासकट मिळाला आणि वर 'विचार करा' म्हणून मुदत मिळाली. तिला नुसता शब्द मिळाला, आणि त्या शब्दावर तिनं शरीराचा एक भाग देऊन टाकला. माळेगाव मागं पडलं. मी पिशवीतलं संत्रं सोलून तिला अर्धं दिलं. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन हाडांचं आणि या घामाचं विचारा, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "पट्टा पडल्यावर जाईन." पट्टा पडायला म्हणजे हंगाम संपायला अजून तीन महिने होते.

येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, गाडग्यातलं अंबील. मी अंबिलाचा चौथा पेला लावला, तशा सासूबाई माझ्याकडं रोखून पाहायला लागल्या. बाकीच्या बायका झोक्याकडं गेल्यावर हळूच म्हणाल्या, "लई पेटतं का गं?"

"हो."

"मी रातीला उठून हिरीवर जायची. घागर शेंदून डोस्क्यावर वतायची. थंडीच्या दिसांत. तुझ्या सासऱ्याला वाटलं, बाईला लागिरलं. अंगारा आणला हुता."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"कुनाला सांगू?" त्या म्हणाल्या, आणि कवळी सावरत त्यांनी भज्जीचा घास घेतला.

म्हणजे ज्याला मी इतके दिवस सोसण्याचा गुण समजत होते, तो ऐकणाऱ्याचा तुटवडा होता. तीस वर्षांनी त्याला गुणाचं नाव मिळालं होतं, एवढंच. सोसण्यात मोठेपण असेलही; पण ते ज्याला दुसरा रस्ता मोकळा होता आणि तरी ज्यानं सोसणं पत्करलं, त्याचं. गोळी सोडली तर मीही सोसेन, आणि ते माझं असेल. घेतली तर त्या आठांतली होण्याची भीती बाळगीन, आणि तीही माझीच. बरोबर उत्तर मागून मी गेले चार महिने फुकट शिणले. बरोबर उत्तर मिळायचं नव्हतंच. विचारलं जाणं मिळालं होतं, आणि ते सहा जणींतल्या त्या एकीला मिळालं नव्हतं.

परत आल्यावर डॉक्टरीणबाईंना सांगितलं: सोडत नाही, पण असंही चालवत नाही. त्यांनी इस्ट्रोजेनची गोळी थांबवून कमी मात्रेचं जेल दिलं. ते हाताला चोळायचं. कातडीतून जातं म्हणून रक्ताच्या गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी. जोडीचं दुसरं औषध रात्री झोपताना. डाग पुन्हा दिसले तर लगेच यायचं, छातीची तपासणी चुकवायची नाही, आणि दर वर्षी हाच प्रश्न नव्यानं विचारायचा. पुढच्या येळवशीच्या तारखेवर मी कॅलेंडरात 'घेऊ की सोडू?' असं लिहून ठेवलंय. ह्यांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, मी त्यांच्याबद्दल लिहिलंय. दोन दिवस फार गोड वागले. मी खुलासा केला नाही.

छाती आता ठणकत नाही. एक निरी परत आली आहे. आग अधूनमधून पेटते, पण घर जळत नाही. सासूबाईंना मी येत्या उन्हाळ्यात नांदेडला बोलावलंय, हाडांच्या तपासणीसाठी. "माझं काय तपासतीस आता?" म्हणाल्या, पण पिशवी भरायला घेतली आहे, असं जाऊबाई सांगते. आणि पंखा? पंखा तीनवर आहे. ह्यांची मागणी एकची होती, माझी पाचची.