पोसतो कोण?

समुद्रफूल आमच्या मेहरूणच्या तलावात सापडायचे नाही. त्याला खारे पाणीच लागते. दिसायला शेवंतीसारखे, पण आहे प्राणी. पाकळ्या वाटतात त्या त्याच्या भुजा, आणि त्यांत सूक्ष्म विषारी दंश दडलेले. बहुतेक जाती खडकाला चिकटून घासाची वाट पाहतात. पण अरुण परुळेकर यांनी १९६९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जिचे वर्णन केले, ती जात शंखात राहणाऱ्या खेकड्याबरोबर बिऱ्हाड करते. तिच्या नावात त्यांनी ‘कॉमेन्साली’ हा शब्द घातला. मूळ लॅटिन अर्थ, एका मेजावर जेवणारे. पंक्तीला कोणी कोणाशेजारी बसावे यावरून आपल्याकडे केवढी रणे माजली, आणि या चिमुकल्या जिवाचे नावच सहभोजनाचे!

अशा जोडीचा हिशेब मोठा गमतीचा असतो. खेकडा चालतो, फुलाला फुकट प्रवास घडतो. वर त्याच्या जेवणातले तुकडे मिळतात. म्हणजे खेकडा फुलाला पोसतो म्हणा ना! पण या खेकड्याचे पोट मऊ, उघडे. फुलाच्या दंशाला भिऊन शत्रू दूर राहतात. मग पोसतो कोण? आणि ज्या शंखावर हा संसार, तो तर मेलेल्या गोगलगाईचा. दोघांपैकी कोणीच तो बांधलेला नाही.

खानदेशात आखाजीला सालदाराचे साल पालटते. आमच्या शेजारच्या आबांनी ट्रॅक्टर घेतला, मळ्यात नवे घर बांधले, आणि वीस वर्षे केळीला पाणी देणाऱ्या सालदाराला त्या आखाजीला बोलावणे गेले नाही. करारात खोट काढायला जागा नव्हती. साल संपले होते. “आता त्याला कशाला पोसू, गुरुजी?” आबा म्हणाले. मनुष्य वाईट नाही. दारचा भिकारी ते विन्मुख पाठवीत नाहीत. पण तो एक शब्द माझ्या मनात कुसळासारखा राहिला.

खेकडा वाढला की शंख अपुरा पडतो. तो मोठा शंख शोधतो. अशा वेळी काही जातींचे खेकडे जुन्या शंखावरचे फूल थोपटून सैल करतात आणि नव्या घरावर आणून बसवतात. ओढले तर चिवटपणे धरून राहणारे फूल त्या थोपटण्याला पकड सोडते. हे प्रेम नव्हे, निव्वळ गरज आहे, असे कोणी म्हणेल. असेल. खेकड्याला ट्रॅक्टर मिळता तर त्याने फूल उचलले असते का, हे त्याला विचारता येत नाही. आबांना येते. आखाजीला अजून सहा महिने आहेत.