हागारची वाट आणि व्हिसाची मुदत

खामगावकडील एक माता काही महिन्यांपूर्वी सायंकाळच्या मिस्सेनंतर आमची वाट पाहत थांबली होती. हातातील प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. मुलगी अमेरिकेत, जावई तेथे संगणकाच्या नोकरीत. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि तेथील न्यायालयात घटस्फोटाचा हुकूम होऊन गेला होता. पोटगी किंवा दागिने यांविषयी काही विचारायचे असेल असे आम्हांला वाटले. तिने विचारले ते निराळेच. "फादर, तिला दिलेली मुदत संपत आली आहे. त्यानंतरही ती तिथंच राहिली, तर ते पाप होईल का?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला चोरी, खोटी शपथ, न्याय्य वेतन यांवर पुष्कळ ऊहापोह झाला होता. व्हिसावर झाल्याचे स्मरत नाही. म्हणून प्रथम कायदा समजून घेणे भाग पडले. कायदा ठाऊक नसताना दिलेला नैतिक सल्ला बहुधा दुसऱ्याच्या जिवावर दिलेला असतो.

एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्याच्या पत्नीस एच-४ हा आश्रिताचा परवाना मिळतो. २०१५ पासून अशा काही स्त्रियांना नोकरीची मुभा आहे, परंतु तीही पतीचा ग्रीनकार्डाचा अर्ज बराच पुढे सरकलेला असेल तरच. घटस्फोटाचा अंतिम हुकूम ज्या दिवशी होतो, त्या दिवशी हे आश्रितपण संपते. नोकरी गेलेल्या कामगारास साठ दिवसांपर्यंतची सवड असते. घटस्फोट झालेल्या पत्नीसाठी तशी वेगळी सवड नाही. मात्र येथे एक बारकावा आहे. प्रवेशाच्या वेळी जी आय-९४ नावाची नोंद होते, तिच्यावरील तारीख उलटल्यानंतरचे दिवस सामान्यतः 'बेकायदा मुक्काम' म्हणून मोजले जातात. १९९६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे असा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाल्यावर जो देश सोडतो, त्याला तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही; मुक्काम एक वर्ष किंवा अधिक झाला असेल तर दहा वर्षे नाही. हा दंड देश सोडल्यावर लागू होतो, हे लक्षात घ्यावे. म्हणजे जो निमूटपणे परत निघतो, त्याच्यावरच दार लागते. जो लपून राहतो, त्याला ते लागलेले दिसत नाही. कायदा करणाऱ्यांना हे अभिप्रेत नसेलही, पण त्यामुळेच कित्येक जण जागच्या जागी खिळून राहतात.

मार्ग अगदीच नाहीत असे नाही. मुळातला परवाना वैध असतानाच, म्हणजे हुकूम होण्यापूर्वी, विद्यार्थी अथवा पाहुणा म्हणून राहण्याचा अर्ज करता येतो. शिक्षण आणि संधी असतील तर स्वतःच्या नावावर नोकरीचा परवाना मागता येतो. पतीमुळे सशर्त ग्रीनकार्ड मिळालेली स्त्री घटस्फोटानंतरही, लग्न प्रामाणिकपणे झाले होते असे दाखवून, ती अट एकटीने काढून घेऊ शकते. पती अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असून त्याने छळ केला असेल, तर १९९४ च्या कायद्याने पत्नीला स्वतः अर्ज करता येतो. छळाशी संबंधित घटस्फोट झाल्यावरही दोन वर्षांच्या आत तो करता येतो. परंतु पती केवळ एच-१बीवर असेल तर हे दार बंद. मग उरतो यू व्हिसा, गंभीर गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना साह्य करणाऱ्यांसाठी २००० साली निर्माण झालेला. वर्षाला दहा हजार मुख्य अर्जदारांनाच तो मिळतो आणि रांग अनेक वर्षांची आहे. पतीने पासपोर्ट अडकवून ठेवला असेल, तर भारतीय वकिलात मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकते. यांतले आपल्या लेकीला कोणते लागू पडते, हे जाणत्या वकिलानेच सांगावे, ओळखीच्या एजंटाने नव्हे. तेथील महागुरूंनी १९८८ साली स्थलांतरितांना कायद्याचे साह्य मिळावे म्हणून 'क्लिनिक' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभारली, आणि अनेक धर्मप्रांतांत कॅथलिक चॅरिटीजच्या कचेऱ्याही असे साह्य करतात. आपल्या लोकांना हे फार थोडे ठाऊक असते.

आता मातेच्या प्रश्नाकडे वळू. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परदेशी माणसाबद्दल दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात आहेत: सुखवस्तू राष्ट्रांनी आसरा शोधणाऱ्याला शक्य तितके सामावून घ्यावे, राज्यसंस्थेने सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालाव्यात, आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. त्यामुळे 'कायदा माणसाने केलेला, तो मोडला तर देवाचे काय बिघडले' असे म्हणायला आम्हांला जागा नाही. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी समन्याय नावाचा एक सद्गुण सांगितला आहे. कायदा सर्वसाधारण परिस्थितीसाठी केलेला असतो. एखाद्या प्रसंगी त्याचे अक्षर पाळणे हे त्याच्या हेतूच्याच विरुद्ध जाते. ठेव मागताच परत करावी हे खरे, पण वेड लागलेल्या माणसाने ठेवीत दिलेली तलवार मागितली तर ती द्यावी काय? मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटलेली, हाती पासपोर्ट नसलेली स्त्री वकिलाच्या उत्तराची वाट पाहत मुदतीनंतर काही आठवडे राहिली, तर आम्ही तिच्याकडून पापकबुली मागणार नाही. तिचे आश्रितपण तिने टाकून दिलेले नाही. ते दुसऱ्याच्या सहीने संपले.

खोटेपणाची गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या कागदांवर नोकरी करणे, किंवा पैसे देऊन कागदोपत्री नवरा मिळवणे, हे समन्यायात बसत नाही. तशा लग्नाचा संशय सिद्ध झाला तर पुढे खरे लग्न झाले तरी त्याच्या आधारे परवाना मिळण्याचा मार्ग बंद होतो. एक गोष्ट मात्र आम्हां धर्मगुरूंना अवघड जाते. रीतसर प्रवेश केलेल्या व्यक्तीने अमेरिकन नागरिकाशी खरोखरीचे लग्न केले, तर मुदतीबाहेरचा मुक्काम बहुधा तिच्या आड येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा सर्वांत सरळ मार्ग. परंतु चर्चमध्ये झालेला पहिला विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अजून उभा आहे. धर्मप्रांतीय न्यायमंडळाने तो मुळातच अवैध होता असा निर्णय दिल्याशिवाय दुसरा करता येत नाही. इकडे भारतात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात सांगितले की, पत्नीने मान्य न केलेल्या परदेशी न्यायालयाचा घटस्फोट येथे आपोआप ग्राह्य ठरत नाही. म्हणजे एकच स्त्री तेथे घटस्फोटिता, येथे कदाचित अजून पत्नी, आणि आमच्या विवाहनोंदवहीत तर निश्चितच पत्नी.

आम्ही हे सारे त्या मातेला जमेल तसे सांगितले. मग विचारले, "ताई, तिला तिथं राहायचं आहे का?" ती बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिली. "तिला यायचंय, फादर. मीच म्हणते, राहा."

का, हे विचारावे लागले नाही. आमच्या धर्मग्रामात लग्नाच्या दिवशी किती पंगती उठल्या हे सर्वांना आठवते. परत आलेल्या मुलीकडे चर्चच्या दारात कोण कसे बघते, 'काय झालं हो' हे किती गोड आवाजात विचारले जाते, धाकट्या बहिणीचे स्थळ कसे अचानक मागे सरते, हे आम्ही गेली पंचवीस वर्षे पाहत आलो आहोत. आमच्या स्त्रियांना सोसण्याची सवय कायद्यानेही लावली होती. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मागण्याची सोय १८६९ च्या कायद्यात नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती अन्याय्य अट दूर केली, तीही आपल्या अधिकारक्षेत्रापुरती. जेव्हा नागरी घटस्फोट हाच हक्कांच्या किंवा मुलांच्या रक्षणाचा एकमेव उपाय असतो, तेव्हा तो स्वीकारणाऱ्याला दोष लागत नाही, असे तोच धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. प्रवचनात आम्ही हे वाक्य किती वेळा उच्चारले? फारसे नाही, हे कबूल केले पाहिजे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील हागार मिसरी होती, परक्या देशातली. अब्राहामाने तिला भाकर आणि पाण्याची मसक देऊन मुलासह रानात पाठवून दिले. श्रद्धावंतांच्या पित्याचे घर ते. पण हागार तेथे परत गेली नाही, परतण्याजोगे काही उरले नव्हते. पाणी संपले तेव्हा देवाने तिला विहीर दाखवली, ती रानातच. ज्यांच्या पदरी तेथे जन्मलेले मूल आहे त्यांची अवस्था याहून कठीण असते. मूल तेथील नागरिक, बापाच्या संमतीवाचून त्याला घेऊन निघाले तर अपहरणाचा खटला उभा राहू शकतो, आणि ते मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत आईसाठी अर्ज करू शकत नाही. अशा मातेला 'निघून ये' म्हणणे सोपे नाही, आणि आम्ही ते म्हणत नाही.

या मुलीला मूल नव्हते. तिच्या आय-९४ वरील तारखेला तेव्हा सात आठवडे बाकी होते. आई घरी गेली आणि त्याच रात्री तिने फोन केला, असे नंतर समजले. मुलगी तारखेच्या अकरा दिवस आधी निघाली. तिच्या नावावर बेकायदा मुक्कामाचा एकही दिवस लागला नाही. मुंबईहून रेल्वेने ती जलंबला उतरली. भाऊ मोटारसायकल घेऊन गेला होता, पण सामान इतके होते की शेवटी ऑटो करावा लागला.

त्यानंतर आईने पुन्हा एकदा विचारले, तिला रविवारच्या मिस्सेला आणू की आठवड्यातल्या, गर्दी नसलेल्या? आम्ही रविवारच्या म्हणालो. ती आली, मागून तिसऱ्या बाकावर बसली. मिस्सेनंतर दोघीतिघींनी तिला अमेरिकेतल्या थंडीबद्दल विचारले. एकीने त्याहून पुढचेही विचारले. न्यायमंडळाकडे द्यायचा अर्ज सध्या आमच्या टेबलावर आहे. साक्षीदार म्हणून दोन नावे हवीत. तिने एक दिले आहे. दुसरे द्यायला शेजारची एक बाई तयार होती, तिने गेल्या आठवड्यात विचार बदलला.