भाड्याचे घर आणि आडनाव

भाड्याने घर पाहावयास निघालेल्या मनुष्यास विचारला जाणारा पहिला प्रश्न भाड्यासंबंधी नसतो, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस असेल. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर यांसारख्या शहरांत ‘आपले आडनाव काय?’ येथून बोलण्यास आरंभ होतो. त्यावरून उलगडा न झाल्यास ‘मूळचे कोठले?’ असे विचारतात, आणि तेवढ्यानेही न भागले तर घरात काय शिजते याची चौकशी होते. मग ‘जागा कालच दिली’ असे मृदू स्वरात सांगण्यात येते. फाटकावरची पाटी मात्र पुढे पंधरा दिवस तशीच असते.

घरमालकाचे म्हणणे असे की, घर माझे, तेव्हा त्यात कोणास ठेवावे हे मीच ठरविणार. यात तथ्य नाही असे नाही. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याखाली एकदा आत आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हालत नसे, भाडे गोठून राही, आणि मालकास आपल्याच घरासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. अशा स्थितीत तो शंभरदा विचार करी, यात नवल ते काय? परंतु आता बहुधा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार होतो, अनामत रक्कम हाती असते, आणि मुदत सरल्यावर जागा परत मिळविण्याचा निराळा मार्ग १९९९ च्या कायद्याने मालकास दिला आहे. भयाचे कारण इतके आटले तरी आडनावाचा प्रश्न आटला नाही. तेव्हा तो मुळात भयापोटी विचारला जात होता काय, याचीच आम्हांस शंका येते.

मालक स्वतः राहत्या घरातील एक खोली देत असेल, तर शेजाराची आवडनिवड आम्ही समजू शकतो. पण केवळ उत्पन्नासाठी घेतलेला फ्लॅट ही विक्रीस मांडलेली वस्तू होय. जातीवरून दुकानात मज्जाव करण्यास राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने बंदी केली आहे. त्यात भाड्याच्या घराचा नावाने उल्लेख नाही. मात्र १९४८ साली घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने, मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या कोणालाही लागू पडेल असा, घेतला होता.

आता उलट बाजू. नकारांनी टेकीस आलेला तरुण कधी आडनाव गाळून केवळ वडिलांचे नाव सांगतो. हे असत्य भाषण नव्हे काय? नीतीचे पुस्तक उघडून ‘होय’ म्हणणे सोपे आहे. आमच्या मते भाडेकरूची नोकरी, मिळकत, पूर्वीच्या जागेतील वर्तन यांविषयी खरे उत्तर मिळण्याचा मालकास हक्क आहे. जातीविषयी तो नाही. ज्याला विचारण्याचाच हक्क नाही, त्याची उत्तराने फसवणूक झाली असे म्हणवत नाही. तरीही उत्तर देणाऱ्याच्या मनास जो काच लागतो तो खराच असतो.

१९१७ साली अमेरिकेत व विलायतेत शिकून आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीस आले, तेव्हा त्यांना पारशी नाव धारण करून पारश्यांच्या एका उतारशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. जागा सुटली, मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. रागावलेले लोक त्यांना जाब विचारीत होते तो खोट्या नावाचा. खऱ्या नावाने जागा कोठे मिळाली असती, हे मात्र त्यांपैकी कोणीच सांगितले नाही.