घाईंतील लेखन

बारामती-इंदापुराकडील शेतकरी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी येण्यापूर्वींच वाफे नि पाट नीट करून ठेवतो. पाणी कोणासाठीं थांबत नाहीं. मुदतींत कादंबरी लिहिणाऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे काय?

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकांतून क्रमशः आली. पाल्हाळ शिरला, पण कस उणावला नाहीं. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिली. परंतु त्यांची आई १९१७ सालींच निवर्तली होती. त्या पांच दिवसांमागें सोळा वर्षांचें स्मरण उभें होतें.

तेव्हां त्वरेनें लिहिणें हा दोष नव्हे. मनाची मशागत न करतां लिहावयास बसणें, हा दोष होय. शैथिल्याबद्दल मुदतीची सबब वाचक ऐकून घेईल. पोकळपणाबद्दल त्यानें ती कां ऐकावी?